तीनही बोअर कोरड्या

“अहो, वाजतंय ना ते!” कुंपणापलीकडच्या बाई दुसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा त्यानं मान वर केली. पहिल्यांदा त्या बोलल्या एवढंच जाणवलं होतं, काय बोलल्या ते कळलं नव्हतं. तो ओल्या जमिनीवर रबरी चटई टाकून गुडघ्यांवर बसला होता आणि दोन नंबरच्या बोअरमध्ये मोजफीत सोडत होता. फितीच्या टोकाला बोटाएवढं पितळी वजन असतं. ते पाण्याला टेकलं की वरच्या चक्रीतला भोंगा बारीक वाजतो. वाजला की थांबायचं, फितीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. एकतीस वर्षं तो हेच करत आला होता. आत्ता फीत साडेचार मीटर खाली गेली होती आणि काहीही वाजलेलं नव्हतं. “काय वाजतंय?” त्यानं विचारलं. “ते तुमच्या हातातलं. मघापासून किरकिर करतंय.” बाई हातातली झारी खाली ठेवून कुंपणाच्या तारेपाशी आल्या. खाली उताराला त्यांची रोपवाटिका होती आणि ती त्या एकट्याच चालवत. त्याची त्यांच्याशी ओळख म्हणजे मागच्या वर्षी दोन-चार वाक्यं, एवढीच. त्यानं चक्री उचलून कानाशी धरली. काही नाही. वारा होता, लांबच्या रस्त्यावरचा ट्रक होता, स्वतःचा श्वास होता. मग त्यानं तळहात चक्रीवर घट्ट दाबला, आणि मुठीत धरलेला किडा धडपडावा तशी एक बारीक थरथर त्याच्या कातडीला लागली. ती थांबत नव्हती.

त्यानं फीत वर ओढायला सुरुवात केली. “ओरडतंय अजून,” बाई म्हणाल्या. त्यांना यात मजा वाटू लागली होती. “अजून... अजून... हां, थांबलं.” त्यानं फीत पुन्हा थोडी सोडली. “वाजलं.” पुन्हा ओढली. “थांबलं.” असं तीन वेळा झालं. आकडा तिन्ही वेळा तोच आला : एक मीटर पस्तीस. त्यानं तो वहीत लिहिला, आणि लिहिताना अक्षर नेहमीसारखंच आलं याचं त्याला नवल वाटलं. “किती खोल लागलं?” बाईंनी विचारलं. “सव्वा मीटरच्या थोडं खाली.” “मग बरोबर आहे. माझ्या विहिरीतसुद्धा या दिवसांत वाकून बादलीनं पाणी घेता येतं. मागच्या वर्षी तुम्ही कोरडं आहे म्हणालात तेव्हा मला जरा चमत्कारिकच वाटलं होतं.” त्या तारेवरचा वाळका वेल ओढून काढत राहिल्या. “पण म्हटलं, शिकलेला माणूस आहे, यंत्र लावून बघतोय. आपल्याला काय कळतंय त्यातलं.” हे त्या टोमणा म्हणून बोलल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

मागच्या पावसाळ्यात तो इथे एकटाच आला होता. माळाच्या पलीकडे चारशे घरांची नवी वसाहत उभी राहायची होती. तिचं सांडपाणी आधी टाक्यांमधून निवळून घ्यायचं आणि मग या रेताड जागेत ओळीनं शोषखड्डे खणून जमिनीत मुरवायचं, असं ठरलं होतं. जागा चालेल की नाही ते सांगणं त्याचं काम. यातली खरी गोष्ट साधी असते, आणि ती तो नव्या इंजिनियरांना वर्षानुवर्षं सांगत आला होता : खड्ड्याचा तळ आणि भूजल यांच्यामध्ये निदान दोन मीटर कोरडी माती हवी. त्या मातीत हवा असते, आणि शेवटची सफाई तीच माती करते. पाणी वर चढून खड्ड्याला भिडलं, की सफाईबिफाई काही नाही. जे वरून सोडाल तेच उताराला लागलेल्या विहिरीत. म्हणून पावसाळ्यात, पाणी सगळ्यात वर असताना मोजायचं. आणि त्यानं मोजलं होतं. तीन बोअर, प्रत्येकी सहा मीटर, आणि तिन्हींमध्ये वजन तळाला टेकेपर्यंत आवाज नाही. फीत ओली निघाली होती, पण भुरभुर चालूच होती. हातमोजे, वही, बाही, सगळंच ओलं होतं. फितीवरचा छोटा दिवा केव्हाचा गेलेला होता आणि आवाज येतो तर दिवा कशाला, म्हणून तो कुणी बदलला नव्हता. ‘पावसाळ्यातही सहा मीटर खोलीपर्यंत भूजल आढळले नाही,’ असं वाक्य त्यानं अहवालात लिहिलं. त्या वाक्यावर तो मनातून खूश होता. इतकी स्वच्छ जागा क्वचित मिळते. आता खड्ड्यांचा तळ एक मीटरवर येणार होता आणि पाणी एक मीटर पस्तीसवर उभं होतं. मधे पस्तीस सेंटिमीटर, जेमतेम दीड वीत. खोदाईआधी एकदा ताळा पाहायचा म्हणून तो आज आला होता. खोदाईचं मशीन सोमवारी यायचं होतं, आणि आज गुरुवार होता.

त्यानं उरलेल्या दोन बोअर तळहातानं मोजल्या. बाई तोवर आपल्या कामाला लागल्या होत्या. गाडीत येऊन बसल्यावर त्यानं काचा वर केल्या, चक्री मांडीवर घेतली आणि पाण्याच्या बाटलीत वजन बुडवलं. थरथर आली. आवाज नाही. त्यानं वजन बाहेर काढलं, पुन्हा बुडवलं. एखादा माणूस आपल्या तोंडासमोर उभा राहून ओठ हलवतोय आणि आपण नुसतं बघतोय, तसं त्याला वाटलं; आणि मग हे नुसतं वाटणं नव्हे, गेली कित्येक वर्षं असंच चाललंय, हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. मीटिंगमध्ये लोक हल्ली पुटपुटतात. फोनवरची माणसं आजकाल नीट बोलत नाहीत. सकाळी गॅलरीत पूर्वी पक्ष्यांचा कलकलाट असायचा, झाडं तोडली तसा तो गेला, असं त्यानं स्वतःशी ठरवून टाकलं होतं. पण समोरचं झाड तर होतंच. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून घर गप्प झालं होतं. वय झालं की घरं अशीच शांत होत जातात, त्यात कुणाचा दोष नसतो, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती. आणि बायको. ती आताशा बोलली की खेकसल्यासारखी बोलायची, तुटक, दोन-तीन शब्द : जेवायला चला. दार लावा. फोन आलाय. आपल्यावर ती कशासाठी तरी चिडलेली आहे, हे तो दोनएक वर्षं धरून चालला होता. कशासाठी ते विचारायचा त्याला धीर झाला नव्हता, आणि पुढे पुढे न विचारण्याचीही सवय झाली. पण मग आधीच्या पावसाळ्यांतली मोजमापं? त्यानं वर्षं मागे मागे मोजली आणि तो मामांपाशी येऊन थांबला.

मामा म्हणजे ऑफिसचे ड्रायव्हर. सगळं ऑफिस त्यांना मामाच म्हणायचं. बावीस वर्षं त्यांनी त्याची गाडी चालवली आणि मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ते रिटायर झाले. त्यांच्या जागी कुणाला घेतलं नाही. तो स्वतःच गाडी चालवू लागला. ऑफिसला न जाता तो सरळ त्यांच्या घरी गेला. मामा अंगणात खुर्ची उलटी करून तिच्या पायांना रबराची बुचं बसवत होते. त्याला बघून ते उठले, हात पुसले, आणि नेहमीसारखे अगदी समोर येऊन, चेहऱ्याकडे बघून बोलले. मामांचं बोलणं त्याला नेहमीच स्पष्ट कळायचं. “मामा, आपण बोअर मोजायचो तेव्हा तुम्ही गाडीतून उतरून का यायचात?” “म्हणजे?” “तुम्ही शेजारी उभे राहायचात. ‘वाजलं’ म्हणायचात.” मामांनी खुर्ची सुलटी केली, ती डुगडुगत नाही ना ते हातानं दाबून बघितलं आणि त्याच्यापुढे सरकवली. “बसा साहेब.” तो बसला नाही. “कधीपासून?” “झाली असतील पाच-सहा वर्षं. एकदा तुम्ही फीत सोडतच राहिलात, मी म्हटलं, साहेब, वाजलं की. तुम्ही म्हणालात, हो हो, बघतोय. मग दर वेळी म्हणायला लागलो. ठरवून काही नव्हतं हो.” “मला सांगायचं होतंत.” “मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.” मामांनी उरलेलं बूच खिशात टाकलं. “आणि खरं सांगू का? सांगितलं असतं, तर तुम्ही ऑफिसात कळवून यंत्र बदलून घेतलं असतंत, आणि मला गाडीतच बसायला सांगितलं असतंत. आयुष्यभर गाडीतच बसलो साहेब. तेवढं एक काम माझं होतं.” त्यांच्या बायकोनं आतून काहीतरी विचारलं. मामा म्हणाले, “चहा घेणार का विचारतेय.” तो नको म्हणाला. निघताना मामांनी विचारलं, “काही गडबड झाली का?” त्यानं नुसती मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याचं त्यालाच ठरवता आलं नाही.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको खिडकीशी मशीनवर शिवत बसली होती. ती एका दुकानासाठी पडदे शिवायची. तिची पाठ त्याच्याकडे होती. तो दारातच उभा राहिला आणि तिच्याकडे पाहत राहिला, आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या जागेची पाहणी करावी तसा. मशीनचं चाक फिरत होतं, खांदे हलत होते, आणि मधेच तिची मान किंचित तिरकी व्हायची, हनुवटी हलायची. ती बोलत होती. त्याच्याशी नव्हे; तो आल्याचं तिला माहीतही नव्हतं. कापडाशी, सुईशी, कुणाशी कोण जाणे. तो पुढे गेला तशी ती दचकली आणि चाकावर हात ठेवून मोठ्यानं म्हणाली, “लवकर आलात.” तेच ते खेकसणं. पण आता त्यानं तिच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि तिथे राग नव्हता. घाटात बसच्या खिडकीतून लांबच्या माणसाला हाक मारताना असतो तसा नुसता जोर होता. “मला ऐकू येत नाही,” तो म्हणाला. तिनं कात्री उचलली, दोरा तोडला. “मी तीनदा म्हटलं होतं तुम्हाला, कान दाखवून या म्हणून. तिसऱ्यांदा तुम्ही म्हणालात, माझे कान शाबूत आहेत, तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस. तेव्हापासून म्हटलं, राहू दे.” तिनं हे इतक्या सावकाश आणि स्पष्ट सांगितलं, की ही वाक्यं तिनं मनात कितीदा घोळवली असतील याचा त्याला अंदाज आला. तिसऱ्यांदाचं तर त्याला आठवतही होतं. तेव्हा तो बूट घालत होता आणि त्याला उशीर झाला होता. त्यानं तिला जागेबद्दल सांगितलं, बाईंच्या विहिरीबद्दल, एक मीटर पस्तीसबद्दल. ती ऐकत होती. तिला या कामातलं काही माहीत नव्हतं, कारण त्यानं कधी सांगितलंच नव्हतं. शेवटी ती म्हणाली, “त्या बाई पितात ते पाणी?” “हो.” “मग उद्या सांगून टाका.” आणि तिनं दिवा लावला.

ऑफिसच्या प्रमुखाला सगळे मागून चलाचला म्हणत, कारण त्याचं प्रत्येक वाक्य ‘चला, चला’नं सुरू व्हायचं. तो आणि प्रमुख एकाच वर्षी नोकरीला लागले होते. चलाचलानं वहीतले नवे आकडे पाहिले, चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि शिपायाला दार लावून घ्यायला सांगितलं. “चला, झालं ते झालं. सोमवारचं मशीन थांबवतो. तेवढं करावंच लागेल. पण कागदावर कान कशाला आणतोस?” चलाचला टेबलावर पुढे झुकून बोलत होता म्हणून सगळं कळत होतं. “त्या दिवशी सेल उतरले होते, भोंगा वाजला नाही, असं लिही. यंत्र आहे, बंद पडतं. कुणी काही म्हणणार नाही.” हे खरंच होतं. कुणी काही म्हटलं नसतं. नवे सेल, नवी मोजणी, नवा अहवाल, आणि तो निवृत्तीपर्यंतची चार वर्षं तळहातानं मोजत राहिला असता. “सेल त्या एका दिवसाचे,” तो म्हणाला. “कान सगळ्या दिवसांचे आहेत. मामा गेल्यापासून मी आणखी चार जागा मोजल्या.” चलाचलानं वही मिटली. मग म्हणाला, “त्यातली एक चालू आहे. मार्चपासून.” “माहीत आहे.” “तुला कळतंय ना, तू काय लिहायला निघालायस?” “हो.” “अरे, आपण दोघं...” चलाचलानं तोंड खिडकीकडे फिरवलं आणि पुढचं काहीतरी तो तिकडेच बोलला. ते काय होतं, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. पुन्हा सांग, असं म्हणावंसं वाटलं, पण म्हटलं नाही. आपल्या टेबलाशी येऊन त्यानं पत्र लिहिलं : माझ्या श्रवणदोषामुळे पुढील पाच ठिकाणच्या भूजल पातळीच्या नोंदी विश्वसनीय नाहीत. खाली पाचही जागांची नावं लिहिली. एकतीस वर्षांत त्यानं इतका छोटा अहवाल लिहिला नव्हता.

पुढच्या तीन आठवड्यांत दुसऱ्या माणसांनी, दुसऱ्या यंत्रांनी सगळं पुन्हा मोजलं. त्याला फील्डवरून काढून नकाशांच्या खोलीत बसवलं. जुने कागद क्रमवार लावायचं काम होतं, आणि तिथे कुणी फारसं येत नसे. लोक वाईट वागले नाहीत. फक्त जिन्यात भेटले की उगाच मोठ्यानं बोलत, नाहीतर अजिबात बोलत नसत. एकानं तर हातवारेसुद्धा केले. पाचपैकी दोन जागा खरोखरच कोरड्या निघाल्या. बाईंच्या वरची जागा रद्द झाली, शोषखड्डे माळाच्या दुसऱ्या अंगाला उंचावर न्यायचं ठरलं, आणि वसाहत वर्षभर लांबली. चौथीचं काम अजून कागदावरच होतं, ते कागदावरच थांबलं. राहिली मार्चपासून चालू असलेली. तिथलं मुरवणं बंद केलं, उताराच्या तीन विहिरींचं पाणी तपासलं; दोन चांगल्या निघाल्या, एकीचं पाणी पिण्याजोगं नव्हतं. हे त्याला नकाशांच्या खोलीत, एका कागदाच्या तिसऱ्या प्रतीवरून कळलं. त्या रविवारी तो तिथे गेला. विहिरीवर लोखंडी झाकण टाकलं होतं आणि त्यावर लाल रंगानं फुली मारली होती. शेजारच्या घरातला म्हातारा बाहेर आला. त्यानं आपण होऊनच सांगितलं, नळाची लाइन दिलीय आता, पण नळाच्या पाण्याला चव नाही. “कुणी आजारी पडलं होतं का इथे?” त्यानं विचारलं. म्हातारा बोलला, बराच वेळ बोलला, पण दात नसल्यामुळे त्याचे शब्द एकमेकांत मिसळून जात होते आणि ओठांवरूनही काही वाचता येत नव्हतं. नातवाचं काहीतरी होतं. पोटाचं काहीतरी. आता बरा आहे, असं असावं, कारण शेवटी म्हातारा हसला. का त्या हसण्याचा अर्थ दुसराच काही होता? “पुन्हा सांगता का, मला कमी ऐकू येतं,” तो म्हणाला. एवढं वाक्य त्यानं परक्या माणसापुढे पहिल्यांदाच उच्चारलं. म्हाताऱ्यानं त्याचा दंड धरला आणि कानाशी तोंड आणून ओरडून सांगितलं : “चार दिवस दवाखान्यात होता! आता बरा आहे!” त्याच्या कानावर थुंकीचा बारीक शिंतोडा उडाला. तो त्यानं पुसला नाही. ते पाणी कुणामुळे नासलं, हे सांगायला तो आला होता. त्यानं सांगितलंही. म्हाताऱ्यानं दंड सोडला, त्याच्याकडे नीट बघितलं, आणि घरात निघून गेला. दार लोटलेलं त्यानं पाहिलं. मग बराच वेळ तो झाकणापाशी उभा राहिला आणि बस पकडून परत आला.

कानाच्या दवाखान्यात बायको बरोबर आली. काचेच्या खोलीत बसवून, डोक्याला हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबा असं त्याला सांगितलं. तो बटणावर अंगठा ठेवून बसला. काचेबाहेर तंत्रज्ञ बाई तबकड्या फिरवत होत्या आणि त्यांच्या शेजारी बायको उभी होती. मधेच त्या दोघी एकमेकींकडे बघत. त्याचा अंगठा बराच वेळ हलला नव्हता. नंतर त्याला आलेख दाखवला. डावीकडून बरी चाललेली रेघ मधेच कडा तुटावा तशी खाली कोसळली होती. “बारीक, उंच आवाज गेलेत,” तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, “बायकांचे, लहान मुलांचे आवाज आधी जातात. सगळं काही परत येणार नाही, पण फरक पडेल.” आठवड्यानं दोन्ही कानांत मशीनं बसली. रस्त्यावर आल्यावर त्याला सगळं जग पत्र्याचं झाल्यासारखं वाटलं. स्वतःच्या बुटांचा आवाज, पिशवीचा आवाज, कुणाच्या तरी किल्ल्यांचा. बायको त्याच्या शेजारून चालत होती, तिच्या साडीचासुद्धा आवाज येत होता, आणि ती काहीच बोलत नव्हती.

घरीही तेच झालं. तो खिडकीपाशी खुर्ची ओढून बसला. ती शिवत होती. चाक फिरत होतं, सुई कापडात उतरत होती, खाली कुणीतरी जिना झाडत होतं. तो वाट पाहत राहिला. “बोल ना,” शेवटी तो म्हणाला. “काय बोलू?” “पूर्वी बोलायचीस ते. मला ऐकू येत नव्हतं तेव्हा.” तिनं त्याच्याकडे पाहिलं. ते पाहणं रागाचं नव्हतं, आणि मायेचंही म्हणता आलं नसतं. एखाद्या खोलीतला दिवा चालू राहिलाय का, असं दारातून बघावं तसं होतं. “ते त्या त्या वेळचं होतं,” ती म्हणाली. “आता कुठलं आठवायला.” आणि तिनं कापड पुढे सरकवलं. तिनं दोन-तीन वर्षं जे जे सांगितलं असेल, मुलीच्या फोनमधलं, शेजारचं, कुठे दुखतंय, काय सापडत नाही, ते सगळं या खोलीत बोललं गेलं होतं आणि मुरून गेलं होतं, आणि त्याच्या कुठल्याही वहीत त्याची नोंद नव्हती. तो उठला नाही. मशीन चाललं, थांबलं, चाललं. बऱ्याच वेळानं, मान वर न करता, ती नेहमीच्या, अगदी हलक्या आवाजात, बहुधा स्वतःशीच म्हणाली, “हे कापड मेलं फार सुळसुळीत आहे, सुईखाली टिकतच नाही.” त्याला प्रत्येक शब्द ऐकू आला. तिच्या बोलण्याला उत्तर द्यायची सवयच मोडली होती. त्यानं घसा खाकरला.

“मग?” तो म्हणाला.

तिचा पाय मशीनच्या पायट्यावरच थांबला. तो चेष्टा तर करत नाही ना, ते तिनं एकदा बघून घेतलं. “मग काय,” ती म्हणाली, आणि खुर्ची त्याच्याकडे वळवली.